पहिला गिलास बाबूचा

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. प्रकाश म्हणजे माझ्या नणंदेचा, गिरजाबाईंचा मुलगा. "मामी, आई गेली वं," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता बायकांच्या रडण्याचा आणि मधूनच कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मी सूप बाजूला ठेवलं. माणूस गेल्याची बातमी कळल्यावर मनात पहिल्यांदा काय येतं ते आपल्या हातात नसतं. माझ्या मनात आलं, आता ह्यांच्या हातात गिलास कोण देणार? डोळ्यांत पाणी यायच्या आधी हे आलं. याची मला लाज वाटायला हवी होती बहुतेक, पण वाटली नाही, कारण बाई असत्या तर त्यांनाही पहिल्यांदा हेच सुचलं असतं. घरात येऊन ह्यांना सांगितलं. हे दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून पलंगावर बसले आणि म्हणाले, "पंखा बंद कर." का ते मी विचारलं नाही. बंद केला.

गिरजाबाई ह्यांच्या थोरल्या बहीण. चामोर्शीजवळच्या ज्या गावात जन्मल्या त्याच गावात दिल्या गेल्या, त्यामुळे माहेर आणि सासर यांच्यात फक्त एक तलाव. माझे सासरे त्या तलावात मासे धरायचे आणि उन्हाळ्यात वैनगंगेचं पाणी ओसरलं की रेतीत डांगरवाडी लावायचे, टरबुजाची आणि डांगराची, म्हणजे खरबुजाची. ह्यांची आई लवकर गेली, त्यामुळे ह्यांना वाढवलं ते बाईंनीच. कडेवर घेऊन नदीवर जायचं, रेतीत खड्डा करून त्यात बसवायचं, आणि रडायला लागले की टरबूज फोडून मधला लाल गर हातात द्यायचा. बाई हे नेहमी सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "याच्या हातात काई असलं का हा रडत नाई. लहानपनापासून असाच आहे." ह्यांचं नाव बाबुराव. बाईंसाठी ते शेवटपर्यंत बाबूच राहिले, निवृत्त होऊन डोक्यावरचे केस गेले तरी.

माजरीच्या कोळसा खाणीत ह्यांना नोकरी लागली आणि आम्ही तिकडच्या कॉलनीत राहायला गेलो. दारू तिथेच लागली. आमचे हे पिऊन आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते, भांडीही फेकली नाहीत कधी. प्यायचे आणि गप्प व्हायचे. घरात माणूस असून नसल्यासारखा. मी अंगणवाडीतून दमून यायची आणि त्या गप्पपणाशी बोलत स्वयंपाक करायची. मग एका वर्षी कावीळ झाली, ती लवकर हटेना, आणि डॉक्टरांनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं की आता एक घोटही नको. हे घरी आले आणि खरंच सोडली. लोकांना वाटतं, सोडली म्हणजे सुटली. सोडणाऱ्याला ती एकदा सोडून भागत नाही, आणि त्याच्या बायकोलाही नाही. दारू ह्यांनी सोडली आणि पहारा माझ्या वाट्याला आला. लग्न असो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो, कोणाचा निरोप समारंभ असो, मी पाहुण्यांशी बोलत असायची आणि डोळे मांडवाच्या मागच्या बाजूला. बाईंच्या जिल्ह्यात दारूबंदी असली म्हणून मांडवामागची बाटली काही बंद होत नाही, हे इकडच्या माणसांना सांगायला नको. घरी परतताना गाडीवर मागे बसून मी ह्यांच्या खांद्याशी नाक न्यायची. ह्यांना ते कळायचं. असल्या प्रेमाचा काय कंटाळा येतो ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

बाईंना हे मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं. प्रकाशच्या लग्नाची गोष्ट. वरात निघायची होती, पुरुष मंडळी खुर्च्यांवर बसलेली, आणि आमचे हे एका खांबाला टेकून उभे. एक जण आला, "बाबुराव, चला ना थोडीशी." हे नाही म्हणाले. दुसरा आला, "भाच्याच्या लग्नात बी नाई का?" हे हसून नाही म्हणाले. तिसरा तर गिलास घेऊनच आला आणि त्यांच्या मनगटाला धरलं. तेवढ्यात कोणीतरी नवरदेवाच्या मामाला हाक मारली म्हणून सुटका झाली. स्वयंपाकाच्या मांडवात बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. घामानं कुंकू ओघळलं होतं. म्हणाल्या, "त्याचा हात रिकामा आहे वं शोभा. रिकामा हात दिसला का लोकाईले राहवत नाई." मी म्हटलं, मग काय करायचं, हातात काठी द्यायची का? मी चिडलेलीच होते. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या कसल्यातरी विचारात होत्या.

वर्षभरानं प्रकाशच्या लेकाचं बारसं झालं, उन्हाळ्यातच. आम्ही आदल्या दिवशी पोहोचलो तर ओसरीवर टरबुजांचा ढीग, बर्फाची लादी भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली, आणि बाई मलमलच्या फडक्यातून लाल रस गाळताहेत. मला वाटलं, सरबत. उन्हाळा आहे, सगळेच करतात. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून मार्कंड्याच्या जत्रेत घेतलेले उंच दांडीचे काचेचे गिलास काढले तेव्हा मी जरा थांबले. ते गिलास घरात कोणी वापरत नव्हतं. शोभेला होते. बाईंनी एकेका गिलासाच्या काठावर लिंबाची फोड फिरवली आणि तो पिठीसाखरेत पालथा टेकवला. साखरेत पळसाच्या वाळलेल्या फुलांची पूड मिसळलेली होती, त्यामुळे काठाला केशरी कड आली. मग तळाशी जांभळाचा पाक. गेल्या हंगामातली जांभळं साखरेत आटवून बाटलीत भरून ठेवलेली, त्यामुळे चांगला घट्ट, जड, काळाजांभळा. त्यावर बर्फाचे तुकडे. आणि मग चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून टरबुजाचा रस इतका हळू ओतायचा की तो पाकावर अलगद बसावा. वर भिजवलेला सब्जा, चिमूटभर काळं मीठ आणि पुदिन्याचं एक पान. खाली जांभळा, वर लाल, मध्ये दोन्ही जिथे भेटतात तिथे एक भलताच सुंदर रंग, ज्याला मला आजही नाव देता येत नाही.

"एवढं कशाला, बाई? स्टीलच्या गिलासात दिलं असतं तर चाललं नसतं का?" मी विचारलं.

"स्टीलच्या गिलासात देल्लं का लोक म्हनते, बिमार आहे वाटते," बाई म्हणाल्या. "त्याच्या हातात असं पाहिजे का पाहनाऱ्यानं म्हनावं, मले बी दे."

आणि पहिला भरलेला गिलास त्यांनी कोणा व्याह्याला दिला नाही, गावच्या सरपंचालाही नाही. तो उचलून सरळ मांडवात गेल्या, खांबाजवळ उभ्या असलेल्या भावाच्या हातात दिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पहिला गिलास बाबूचा. बाकीच्याईनं मंग मागा." पाच मिनिटांत माणसं मागायला लागली. मांडवामागे जाऊन आलेलेही मागायला लागले. ह्यांचा हात भरलेला होता, आणि त्या दिवशी ह्यांना कोणी काही विचारलं नाही. मी कितीतरी महिन्यांनी लोकांशी बोलताना त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. जेवणही पोटभर जेवले. हे इतकं साधं आहे की लिहिताना वाटतं, यात काय सांगण्यासारखं? पण माझ्यासाठी ती विश्रांती होती, आणि ती मला दुसऱ्या कोणी दिली नव्हती.

तेव्हापासून तो 'बाईचा शरबत' झाला. नात्यातल्या कुठल्याही कार्यात बाईंना बोलावणं यायचं, आणि बाई जायच्या ते एकाच अटीवर की बाबूलाही बोलवा. लोकांना वाटायचं, काय भावावर जीव आहे. होताच. पण आम्हा दोघींना माहीत होतं की ते नुसतं लाड करणं नाही, ड्युटी आहे. मी माजरीहून निघताना फोन करायची, "बाई, निघालो." त्या म्हणायच्या, "बरफ आनला." एवढंच आमचं बोलणं. आम्ही काही फार मैत्रिणी नव्हतो. बाईंचा हेका असायचा, माझा स्वभाव तिरसट, आणि पाक आटवताना त्या कोणालाच हात लावू द्यायच्या नाहीत, किती आटवायचा तेही सांगायच्या नाहीत. मला राग यायचा. तरी कार्य आटोपल्यावर आम्ही दोघी चुलीपाशी पाय पसरून बसायचो आणि एकमेकींकडे पाहायचो… झालं, आजचंही झालं.

एकदाच चुकलं. ते धानोऱ्याकडच्या एका लग्नात. ती मंडळी जंगलातल्या गावची, शेती करणारी आणि रानातून मोह, चारोळीची चारं, विड्यांसाठीचा तेंदूपाला गोळा करून आणणारी. बाईंच्या यजमानांची आणि त्यांची जुनी ओळख. त्या वर्षी वादळानं जांभळाचा बहार झडला होता, त्यामुळे बाईंकडे पाक फारच थोडा उरला होता. तळाचा रंग तर हवाच, आणि तो जड हवा, नाहीतर सगळं मिसळून जातं. तेव्हा बाईंनी मोहफुलांचा पाक केला. बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवते. आमच्याकडे तसं नाही. वाळलेला मोह भाजून तिळाबरोबर कुटला की लाडू होतात, शिजवून आटवला की काळसर गोड पाक होतो, आणि दुष्काळी वर्षांत कितीतरी घरं त्याच्यावर जगली आहेत. बाई तर मोहावरच वाढलेल्या. चैत्रात उजाडता उजाडता टोपली घेऊन झाडाखाली जायचं, हे त्यांनी कधी चुकवलं नाही. मोहाचा लाडू समोर आला की त्या लहान मुलीसारख्या व्हायच्या, दुसऱ्याच्या पानातलाही उचलायच्या. त्यांच्या मनात मोह म्हणजे खाऊ. त्यात नशेचा थेंब नव्हता. गिलास नेहमीइतकाच देखणा झाला होता.

पहिला गिलास ह्यांच्या हातात गेला. मी समोरच होते. हे गिलास तोंडाशी नेत होते, आणि मध्येच थांबले. नाकपुड्या हलल्या. मला आधी कळलंच नाही काय झालं. ह्यांनी गिलास हळूच एका खुर्चीवर ठेवला आणि मांडवातून बाहेर निघून गेले. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी खुर्चीवरच्या गिलासाकडे पाहिलं, तो उचलला, हुंगला… आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांना धरावं लागलं.

हे गावाच्या नाल्याशी एका दगडावर बसलेले सापडले. बाई धापा टाकत गेल्या आणि शेजारी जमिनीवरच बसल्या. मी जरा मागे उभी राहिले.

"बाई, मी पेलो नाई," हे म्हणाले. "पन वासानं लय जीव ओढला माहा. आता इथून उठलो तं कुठी जाईन, मले मालूम नाई."

"मंग नको उठू," बाई म्हणाल्या. "मी बी नाई उठत."

आणि खरंच नाही उठल्या. तिकडे लग्न लागलं, बँड वाजला, पंगती बसल्या, आणि ही दोन भावंडं नाल्याच्या काठी बसून राहिली. मी मध्ये जाऊन पाणी देऊन आले. मग हे उठले तेव्हाच बाई उठल्या, मांडवात गेल्या आणि उरलेला सगळा पाक आणि रस चुलीमागे मातीत ओतून दिला. घरची म्हातारी धावत आली. मोह असा सांडलेला त्या माणसांना खपत नाही, ते त्यांच्या देवाचं झाड. "काऊन सांडलं वं बाई?" तिनं विचारलं. बाईंनी हात जोडले. "माह्या भावाले सोसत नाई," म्हणाल्या. म्हातारी आत जाऊन लिंबं घेऊन आली आणि स्वतः पाण्यात पिळायला बसली. त्या लग्नात सगळ्यांनी साधं लिंबूपाणी प्यायलं, स्टीलच्या गिलासांत. मला ती म्हातारी अजून आठवते.

त्यानंतर बाईंनी घरात मोह आणला नाही. पाक नाही, लाडू नाही, वाळवायला अंगणात पसरणंसुद्धा बंद. बांधावरचं मोहाचं झाड शेजारच्या पार्वताबाईला वेचायला देऊन टाकलं. कोणी विचारलं तर सांगायच्या, "गुडघे दुखते वं, वाकता येत नाई." तेच गुडघे धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात दिवसभर वाकलेले असायचे. आमचे हे महिन्या दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचे, कधी न सांगता जायचे, आणि तेव्हा घरात तो वास असू नये, एवढंच कारण. चैत्रात सगळ्या गावाला मोहाचा वास सुटतो, तो काही बाईंना थांबवता येत नव्हता. पण आपला उंबरठा तरी त्यांनी मोकळा ठेवला. आपल्याकडे कोणी खाण्यातलं काही सोडलं की चारचौघांत सांगतं, उपासाचं, नवसाचं. बाईंनी कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. ह्यांनीही कधी विषय काढला नाही. मला वाटायचं, ह्यांच्या लक्षातच आलं नसेल.

शेवटची भेट यंदा होळीच्या आधी झाली. नातवाचा साक्षगंध होता, ज्याच्या बारशाला हे सगळं सुरू झालं त्याच नातवाचा. बाईंना दम लागत होता, हृदयाचं दुखणं निघालं होतं, तरी कोणाचं न ऐकता पाटावर बसून गिलास भरायला लागल्या. नदीतलं पहिलंच टरबूज, अजून तितकं लाल झालेलं नव्हतं. चमच्याची पाठ थरथरत होती. रस सरळ पाकात घुसला आणि सगळं मिळून एकच मातकट रंग झाला. बाईंनी दुसरा गिलास घेतला, त्याचंही तेच झालं.

"मिसळून गेलं वं शोभा," त्या म्हणाल्या. "तू शिकून घे आता."

"मी पण थकले, बाई," मी म्हटलं. मनात होतं तेच बोलले.

त्या हसल्या, मग खोकल्या, मग परत हसल्या. "मंग मी का ताजी आहो?"

मी त्यांच्या हातातून चमचा घेतला. पहिल्यांदाच दिला त्यांनी. माझाही रंग मिसळला. पण त्यांनी तो मातकट गिलास पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "जा, देऊन ये त्याले. पहिला." मी दिला. ह्यांनी पाहिलं आणि सगळा संपवला. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या नाहीत, ओसरीवरूनच हात केला. मीही मागे वळून फारसं पाहिलं नाही, एसटी चुकेल म्हणून.

चैत्र संपता संपता त्या गेल्या. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, आम्ही आधीच दोन दिवस जाऊन राहिलो. माझी झोप उडालेली, कमरेत कळ, आणि डोक्यात एकच, आता पाहुणे येतील, पुरुषांचा घोळका घरामागे जमेल, दुःखात माणसाला कोणी 'घे थोडी' म्हटलं तर ते प्रेमानंच म्हणतात, आणि ह्यांचा हात रिकामा आहे. ह्यांच्या तर डोक्यावरचं छत्रच गेलं होतं. मला वाटत होतं, इतकी वर्षं राखलेलं आज जाणार. आणि खरं सांगते, राखायची ताकदही माझ्यात उरली नव्हती. जातं तर जाऊ दे, असंही क्षणभर वाटलं, इतकी थकले होते.

आमच्याकडे तेरवीला गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं रांधून पळसाच्या पत्रावळीवर वेगळं पान वाढतात. ज्योती, प्रकाशची बायको, सगळ्यांना विचारत होती, आईले काय काय आवडे? कोणी सांगितलं वाळल्या झिंग्यांची चटणी, कोणी वडे, कोणी आंबील. हे भिंतीला टेकून बसले होते.

"मोह ठेवा," हे म्हणाले.

ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मामांना शुद्ध नाही.

"तिले मोहाचा लाडू लय आवडे," हे म्हणाले. "माह्यापायी सोडला तिनं. मले काई मालूम नाई असं वाटे तिले."

"मामा, घरात मोह नाई आहे," ज्योती हळूच म्हणाली.

"पार्वताबाईकडे आहे. बाईच्याच झाडाचा आहे."

आणि स्वतः उठून गेले. यंदाचाच, नुकता वाळलेला मोह टोपलीत घेऊन आले. मला वाटलं, आता ज्योतीच्या हातात देतील आणि बाहेर जाऊन बसतील. ते चुलीपुढे बसले. तवा ठेवला आणि मोह भाजायला घेतला. मी दारात उभी राहिले. आत जावं की ह्यांना तिथून उठवावं, काही कळेना. तो वास हळूहळू उठला, गोड, जड, आधी चुलीभोवती आणि मग सगळ्या घरात, जिथे तो कितीतरी वर्षं आला नव्हता. ह्यांचा चेहरा घामानं भिजला होता. नाकपुड्या तशाच हलत होत्या, नाल्याकाठच्या दिवशीसारख्या. उलथनं धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. पण हात थांबला नाही. मोह भाजला, तीळ भाजले, उखळात दोन्ही कुटलं, आणि लाडू वळायला घेतला. तो काही वळेना, फुटत राहिला. आयुष्यात कधी लाडू वळला नव्हता ह्यांनी. शेवटी कसाबसा एक वेडावाकडा गोळा झाला. तो पत्रावळीवर ठेवून ह्यांनी हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले, आणि ओले हात तसेच घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"शोभा," हे म्हणाले, "माह्या हातात कायतरी दे."

इतक्या वर्षांत हे ह्यांनी कधी मागितलं नव्हतं. नेहमी आम्हीच देत आलो. मी धावले. ट्रंकेत जत्रेतले गिलास होते, फडताळात जांभळाच्या पाकाची शेवटची बाटली, तळाला थोडा पाक. टरबूज कापायला वेळ नव्हता, बर्फ नव्हता, पळसाची कड नव्हती. पाक ओतला, त्यावर माठातलं पाणी, चमचा पालथा धरून. पाणी पाकावर बसलं. खाली जांभळा, वर स्वच्छ. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, झकास जमलं वं.

तो गिलास मी ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो घट्ट धरला, डोळ्यांसमोर आणून पाहिला. मग वाकून पत्रावळीवर, त्या वेड्यावाकड्या लाडवाशेजारी ठेवला.

"पहिला तिले," हे म्हणाले. "तिनं कधी घेतलाच नाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढ्या लग्नांत, एवढ्या बारशांत, बाईंच्या हातात तो गिलास मी एकदाही पाहिला नव्हता. पाक बोटानं चाखायच्या, बस्स. आम्हा सगळ्यांना देऊन झाल्यावर फडकी पिळायच्या आणि पाणी पिऊन आडव्या व्हायच्या. मी दारातच खाली बसले आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. ज्योती मला धरायला आली. हे म्हणाले, "राहू दे तिले, रडू दे. आता दुसरा मीच भरतो." बाटलीत पाणी घालून हलवलं, उरलासुरला पाक निघाला, तो गिलासात ओतून घेतला. फिक्कट, कसला रंग नसलेला. तो हातात घेऊन हे घरामागे गेले, जिथे पुरुष मंडळी बसली होती, आणि पाहुणे उठेपर्यंत तिथेच बसून राहिले. मी तिकडे पाहायला गेले नाही. परतताना एसटीत ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले, माजरी येईपर्यंत, कसलाही वास न घेता.

गिलास ज्योतीनं आग्रहानं आम्हाला दिले. आता ते आमच्या ओट्यावर पालथे असतात. एक तिकडेच राहिला, बाईंच्या फोटोपुढे. ज्येष्ठ सुरू झाला आहे. काल प्रकाशचा फोन होता, अंगणातलं जांभूळ फळांनी लदबदलं म्हणून. हे सकाळच्या एसटीनं गेले आणि संध्याकाळी पिशवीभर जांभळं घेऊन आले, बोटं आणि सदऱ्याची बाही जांभळी करून. मी म्हटलं, एवढी कशाला आणली, निवडणार कोण, माझी कंबर बघा. ह्यांनी पातेलं काढलं, साखरेचा डबा काढला, आणि गॅसपुढे स्टूल ओढून बसले.

"किती आटवायचं असते?" ह्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "बाईंनी कधी सांगितलं नाही."

"मंग बसतो इथीच," हे म्हणाले. "जड होईपर्यंत."